आधी आषाढात येऊन राहा

चिपळूण,
११ जुलै २०२५

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू माडीचं, नेटच्या जोडणीचं, ईराच्या शाळेचं विचारत होतास, तेव्हा मागून नेहाचा आवाज आला, "आईंना विचार ना, दहा वर्षांनी तिथे कंटाळा येईल का?" तू फोनवर हात ठेवलास, पण मला ऐकू आलं होतं. मी हसून "छे गं, कसला कंटाळा!" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. ते उत्तर खरं नव्हतं. रात्री मला झोप लागेना. पोरगी बाणेरचं मांडलेलं बिऱ्हाड मोडून इथे यायचा विचार करते आहे आणि मी तिला दारातल्या पाहुण्याला द्यावं तसं उत्तर दिलं. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहून होणार नाही. दोघांनी शेजारी बसून वाचा.

कंटाळा येतो. मला आला होता, आणि थोडाथोडका नाही. तुझ्या बाबांनाही आला, आणि ते तर इथेच जन्मले.

मे १९८६ मध्ये लग्न होऊन मी इथे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेली. घराखाली बस, कोपऱ्यावर इराणी, चालत चौपाटी, आणि नाटक बघायचं तर साहित्य संघ. चिपळूण म्हणजे माझ्या लेखी एसटी चहाला थांबते ते गाव. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून बारा वर्षं होती. मुंबई अडीचशे किलोमीटर, पण जायचं म्हणजे अख्खी रात्र बसमध्ये.

पहिलं वर्ष कसं गेलं ते कळलं नाही. विहिरीवरचा रहाट, परसातला बरका फणस, परशुरामच्या घाटातून दिसणारं खाडीचं वळण, पावसात सवतसड्याचा धबधबा. जो येईल तो विचारायचा, "मुंबईची सून ना, करमतंय का?" आणि मी मनापासून हो म्हणायचे. नेहाला हे आधीच सांगून ठेवते, पहिल्या वर्षी तिलाही करमेल. त्यावरून काही ठरवू नका.

दुसऱ्या पावसाळ्यात मी खचले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आकड्यातून काही कळायचं नाही. शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर बांबूची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर एकेक कपडा पसरायचा. एक बाजू शेकली की उलटायचा. दुपारभर तेच. कपड्यांना धुराचा वास, केसांना धुराचा वास. चपलांना बुरशी, पापडांना बुरशी, लग्नाच्या फोटोंना बुरशी. दुपारी तीनला दिवा लावावा इतका अंधार, आणि वीज नाही. सासूबाई जेवून आडव्या झाल्या की घरात फक्त कौलांवरचा पाऊस. रात्री नऊच्या सुमाराला मुंबईची रातराणी स्टँडातून निघायची आणि वळणावर ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. तो हॉर्न ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही.

माझं काय अडलं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. सिनेमा-नाटक नाही याचं दुःख फार दिवस टिकत नाही, त्याची सवय होते. मला छळायचं ते सगळं आधीच ठाऊक असणं. गुरुवारी आरतीला कोण येणार ठाऊक, त्या काय विचारणार ठाऊक, त्यावर सासूबाई काय म्हणणार तेही ठाऊक. आणि जसं मला सगळ्यांचं ठाऊक, तसं सगळ्यांना माझं. बाजारपेठेत टिकल्यांचं पाकीट घेतलं, तर मी घरी पोचायच्या आत ती बातमी घरी पोचलेली. चाळीतही सगळ्यांना सगळं कळायचं म्हणा. पण चाळीतून उतरून चर्नी रोड स्टेशनात शिरलं की मी कुणाचीच कोणी नसायचे. इथे तसं शिरायला स्टेशनच नव्हतं.

वाचनालयात मी पहिल्यांदा गेले ती पुस्तकासाठीही नाही. भाजी घेऊन येताना सर कोसळली म्हणून आत शिरले. आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. टिळक तेव्हा आठ वर्षांचे होते, त्यांचं नाव अर्थात पुढे दिलं. एवढ्या जुन्या संस्थेच्या दारात मी पिशवीतून पाणी निथळत उभी. टेबलापाशी एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला दिलं, कोणाची सून ते विचारलं (हे इथे पहिलंच विचारतात), आणि मग म्हणाले, "वहिनी, अक्षर कसं आहे तुमचं?" मी म्हटलं, बरं आहे. त्यांनी दाखल नोंदवही पुढे सरकवली. नवी पुस्तकं येऊन पडली होती आणि नोंदी करणाऱ्याची बदली झाली होती.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी जायला लागले. दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, शेरा. मग पहिल्या पानावर शिक्का, एक शिक्का आतल्या एका ठरलेल्या पानावर, आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवायची. काम अगदी साधं. एका शुक्रवारी मला ताप आला आणि मी गेले नाही. शनिवारी सकाळी एक मुलगा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सहा पुस्तकं आणि नोंदवही घेऊन दारात. "काकू, नोंद झाल्याशिवाय देता येत नाहीत आणि दोघं जण थांबलेत." मी अंगात ताप घेऊन अंथरुणात बसून त्या सहा नोंदी केल्या. सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण पाठीला उशी लावून दिली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात रातराणीचा हॉर्न मला ऐकू यायचा की नाही, ते मला आठवत नाही.

नेहा, तू विचारलंस त्याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच आहे. गावात बघण्यासारखं जे असतं ते दोन वर्षांत बघून संपतं. त्यानंतर करमतं ते, आपण गेलो नाही तर अडून राहील असं एखादं काम असलं तर. ते काम मोठं असायला लागत नाही. आणि ते पगाराचं काम नव्हे बरं का. तुझं ऑफिस लॅपटॉपवर चालेल, महिन्याला पैसे येतील, पण ते काम तुला बाणेरात ठेवील तसंच चिपळुणात ठेवील. त्याने तू इथली होणार नाहीस. खिडकीबाहेरचं झाड तेवढं बदलेल.

संमेलनाचं तुला आठवत असेल, अमेय. जानेवारी २०१३. ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या वाचनालयाने भरवलं, नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष. जेमतेम ५५ हजार वस्तीचं आपलं गाव, आणि तीन दिवस रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या माडीवर सात पाहुणे होते. मी भाषणं फारशी ऐकली नाहीत. पहाटे चारला मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवायचं आणि कोणाला बिनसाखरेचा चहा ते लक्षात ठेवायचं, यातच माझं संमेलन गेलं. पण पुढे वर्षभर मला त्यातलं एकही वाक्य न ऐकल्याची खंत वाटली नाही.

आता पुराचं. २२ जुलै २०२१ चं तू फोटोंत पाहिलंस, चार दिवसांनी येऊन गाळही उपसलास. पण त्या दिवशीचं आणि त्यानंतरचं मी तुला नीट कधी सांगितलेलं नाही.

एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, पौर्णिमा तोंडावर, म्हणजे खाडीला मोठी भरती. वरून रात्रभर धो धो. पहाटे बाबांनी छत्री घेतली आणि "दुकानात जाऊन खालच्या फळीवरचा माल वर टाकतो" म्हणून निघाले. दहा मिनिटांत परत आले, कमरेपर्यंत भिजलेले. म्हणाले, "बाजारपेठेत जाताच येत नाही." आपलं घर चढावर म्हणून वाचलं, पाणी खालच्या पायऱ्यांशी थांबलं. वीज गेली, फोन बंद पडले. दिवसभर आम्ही पायरीवर उभे राहून पाण्यातून काय काय वाहत येतंय ते बघत होतो. गॅसचे सिलिंडर, फ्रिज, एका दुकानाची अख्खी पाटी. २००५ च्या पुरात पाण्याचा अंदाज घेता आला होता. या वेळी तो घेता आला नाही.

पाणी ओसरल्यावर दुकानाचं शटर चौघांनी मिळून उचललं. अमेय, वह्या-पुस्तकांच्या दुकानात पूर आला की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कागद पाणी पितो आणि फुगतो. लोखंडी कपाटांत ठासून भरलेल्या वह्या फुगल्या आणि कपाटं आतून दाबली गेली. दारं उघडेनात. किल्ली फिरायची, पण दार जागचं हलत नव्हतं. शेवटी पहारीने पत्रा वाकवला तेव्हा आतून पांढरा लगदा ढेकळासारखा बाहेर आला. शाळा सुरू होतील या आशेने बाबांनी जूनमध्ये सगळा माल भरला होता. बाबा त्या ढेकळाशेजारी उकिडवे बसले. त्यातून एक शंभर पानी वही ओढून काढायचा प्रयत्न करत होते. ती निघाली नाही.

वाचनालयातही तेच. खालची मांडणी गेली. डिझेल, गटार आणि ओला कागद यांचा मिळून एक वास येतो, तो नाकातून महिनाभर गेला नाही. कराड, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, कुठून कुठून मुलं फावडी घेऊन आली. नावं सांगायची नाहीत, जेवायला थांबायची नाहीत. आम्ही बायका वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून जी पुस्तकं वाचतील ती वाळत घालत होतो. गुळगुळीत कागदाची पुस्तकं वाचत नाहीत, पानाला पान चिकटून वीट होते. जुन्या खरखरीत कागदाची बरीचशी वाचतात. हे ज्ञान मला कुठल्याही शाळेत मिळालं नसतं.

तिसऱ्या दिवशी नोंदवह्या सापडल्या. माझ्या अक्षरातल्या. मी शाईचं पेन वापरायचे, निळं. उघडलं तर पानभर नुसतं आकाश. अक्षर एकही नाही, मात्र रकान्यांच्या छापील रेघा तशाच. मी ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मग शेजारच्या बाईंनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पुन्हा लिहायच्या का?" दोघींनी दुसऱ्या दिवशी वाळलेल्या पुस्तकांपासून सुरुवात केली. या वेळी बॉलपेन.

बाबांचं मात्र तसं झालं नाही. पासष्टाव्या वर्षी नव्याने माल भरायला पैसेही नव्हते आणि हिंमतही. दुकान बंद केलं. सकाळी आंघोळ करून पडवीत खुर्चीवर बसायचे ते जेवायला उठायचे. पेपर समोर, पण पान उलटायचे नाहीत. ज्या माणसाला साठ-पासष्ट वर्षांत या गावाचा कंटाळा आला नाही, तो चार महिन्यांत असा कंटाळला की मला भीती वाटायला लागली. गाव तेच, माणसं तीच. फक्त सकाळी नऊला त्यांच्या शटरची वाट कोणी बघत नव्हतं.

त्या डिसेंबरात नद्यांमधला गाळ काढावा म्हणून गावाने साखळी उपोषण धरलं. वाशिष्ठी आणि शिव नदीत वर्षानुवर्षं बेटं तयार झाली होती, पाण्याला जायला वाट नव्हती. कोणीतरी बाबांना ओढून तिथे नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी नाइलाजाने गेले. दुसऱ्या दिवशी आपणहून सतरंजी घेऊन निघाले. पुढे गाळ काढायला सुरुवात झाली तेव्हा हे नदीकाठी उभे राहून डंपर मोजायचे आणि वहीत तारीखवार लिहायचे. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. पण संध्याकाळी चार जण घरी येऊन विचारायचे, "आज किती गाड्या?" आजही रोज सकाळी ते नदीवर जातात आणि पाणी काठाच्या कितव्या पायरीला आहे ते लिहून ठेवतात. उन्हाळ्यातसुद्धा. कोयनेच्या वीजघरांतलं पाणी वाशिष्ठीला येतं, म्हणून आपली नदी मे महिन्यातही आटत नाही, हे तू लहान असताना त्यांनी तुला तिथेच उभं राहून सांगितलं होतं.

आता जड गोष्टी. त्या न सांगता तुम्हाला बोलावलं तर मला माझंच पटणार नाही.

नेहा, निदान पाच वर्षं तू इथे आमची सून असशील. तुझं नाव मागाहून येईल. मैत्रिणी मिळायला वेळ लागतो. इथल्या तुझ्या वयाच्या बायकांचे गट शाळेपासूनचे आहेत. त्या तुला प्रेमाने हळदीकुंकवाला बोलावतील, खरवस पाठवतील, पण मनातलं बोलायला दुसरीकडे जातील. माझी पहिली खरी मैत्रीण मला सातव्या वर्षी मिळाली. तुझ्या कपड्यांवर, ईराच्या डब्यावर, तुम्ही रविवारी किती वाजता उठता यावर लोक बोलतील. वाईट हेतूने बोलणार नाहीत, पण बोलतील. वादळवाऱ्यात नेट जातं, कधी दोन-दोन दिवस. डेरवणला मोठं रुग्णालय झाल्यापासून दुखण्याखुपण्याची चिंता कमी झाली आहे, तरी काही आजारांना मुंबई-पुणं गाठावंच लागतं. आणि तुला गाण्याची आवड. इथे चांगलं गाणं होतं, पण वाट बघावी लागते. पुण्यासारखं आज हे की ते, असं नाही.

अमेय, तुझ्यासाठी वेगळं. तू मित्रांच्या आठवणीत इथे येतोयस, आणि ते मित्र इथे नाहीत. तुझ्या दहावीच्या वर्गातले किती जण गावात आहेत ते मोज. माझ्या हिशोबात चौघं आहेत. बाकीचे मुंबई, पुणं, आखात. आपल्या आळीत तीन घरांना कुलूप आहे आणि दोन घरांत एकेक म्हातारं माणूस.

कोकणातला सगळ्यात कंटाळवाणा दिवस कोणता म्हणशील, तर गौरी-गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. पाच-सहा दिवस घरं माणसांनी फुटत असतात, अंगणात गाड्या, रात्री जागरण, भजनं, पोरांचा कालवा. मग एका सकाळी सगळे चाकरमानी निघून जातात. मखर तसंच असतं, आत मूर्ती नसते. ओट्यावर कोणाचा तरी लहानसा मोजा राहिलेला असतो. त्या दिवशी मी कधीच घरात थांबत नाही. तुम्ही दर वर्षी निघून गेलात की मी तासाभरात वाचनालयाची वाट धरते, मंगळवार नसला तरी. तुला वाटायचं आई निरोप देऊन आत जाऊन झोपते.

तुम्ही दोघांनी आजवर हे गाव गणपतीत आणि शिमग्यात पाहिलंय. तेव्हाचं गाव म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेलं घर. त्यावरून काही ठरवू नका.

शिमग्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण नेहाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. जुन्या कालभैरवाची पालखी दर वर्षी तीच, ढोलाचा ठेका तोच, नारळ-तांदूळ-ओटी तीच. गोवळकोटला करंजेश्वरीच्या पालखीचा शेरणे, म्हणजे जमिनीत पुरलेले नारळ, शोधून काढण्याचा सोहळा तोच. मी आता एकोणचाळिसावा शिमगा पाहिला. कंटाळा यायला हवा ना? या वर्षी पालखी दारात आली तेव्हा पुढच्या दांडीला एक उंच मुलगा होता. घामाने निथळत होता, खांद्यावर दांडीखाली गमछ्याची घडी. मी ओटी भरायला वाकले तर म्हणाला, "आजी, ओळखलंत का?" ओळखलं नाही. मग लक्षात आलं, दहा-बारा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या बालविभागात एकच पुस्तक घेऊन जायचा आणि ते महिना-महिना परत करायचा नाही, त्याला मी दंड लावला होता. दोन रुपये. तो रडला होता. आता पालखीखाली उभा राहून हसत होता. ठेका तोच होता, पण मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्याविषयीच बोलत होते. बाबा वैतागले.

मागच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे अठरा दिवस राहिले. तुम्ही दोघांनी काही कमी केलं नाहीत, हे आधी लिहिते. नेहाने मला दोन नाटकं दाखवली, बालगंधर्वला एक आणि यशवंतरावला एक, आणि दोन्ही मला फार आवडली. पण सकाळी तुम्ही कामाला बसलात, ईरा शाळेत गेली, की मी गॅलरीत उभी राहून खालचे वॉचमन किती वेळा गेट उघडतात ते बघायचे. बाराव्या दिवशी मला माझा दुसरा पावसाळा आठवला. म्हणजे, बाणेरात राहूनही. तुम्हाला दुखावायला हे लिहीत नाही. नेहा इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी खिडकीशी उभी दिसली, तर मला ते ओळखता येईल, आणि मी "कसला कंटाळा" म्हणून हसणार नाही, एवढं तिला कळावं म्हणून लिहिते आहे.

तेव्हा माझं सांगणं असं. बाणेरची जागा आत्ता सोडू नका. भाड्याने देऊ नका, काही नका. आषाढ लागलाच आहे. ईराच्या शाळेशी बोलून महिनाभराची काही सोय होते का ते बघा आणि या पावसात येऊन राहा. गणपतीच्या आधी. सगळे चाकरमानी येण्याआधी. वीज जाऊ दे, कपडे वाळू नयेत, ईराने "आई, इथे काहीच नाहीये" म्हणू दे. मी भजी तळून तिची समजूत काढणार नाही. तिला बाबांबरोबर सकाळी नदीवर पाठवीन, पायऱ्या मोजायला. आणि नेहा, मंगळवारी दुपारी तू माझ्याबरोबर चल. पुरानंतरच्या नोंदी अजून संगणकावर चढवायच्या राहिल्या आहेत. माझी बोटं त्या कळफलकावर चालत नाहीत, आणि पोरं येतात ती दोन महिने करून नोकरीला निघून जातात. तुला आवडलं नाही तर नाही, पुढचा मंगळवार मोकळा. मी मनाला लावून घेणार नाही.

येताना रात्रीचे निघू नका. कुंभार्ली घाटात या दिवसांत पुढची गाडी दिसत नाही इतकं धुकं असतं. पहाटे निघून उंब्रजला वळा, पाटणला नाश्ता करा, दुपारच्या जेवणाला इथे पोचाल. कुळथाचं पिठलं आणि गरम भात ठेवते. ईराला तिखट चालत नाही, तिचं वेगळं काढीन.

आणि लक्ष्मी रोडवरून किंवा अप्पा बळवंत चौकातून मला जाड पुठ्ठ्याच्या, शिवलेल्या, लेजर कागदाच्या दोन वह्या आणा, तीन-तीनशे पानी. आपलं दुकान होतं तेव्हा अशा वह्या कोणाकडे मागाव्या लागत नव्हत्या. चालू वहीची अकरा पानं उरली आहेत.

तुझी,
आई